दहा बाय दहा

तिचं वय पंधरा-सोळा असेल, म्हणजे तिच्यात राहायला येणाऱ्या लेकरांएवढंच. लातूरला खाडगाव रस्त्याच्या आतल्या अंगाला एका दुमजली घराच्या गच्चीवर ती आहे. मालकांनी आधी खाली स्वतःपुरतं घर बांधलं, मग निवृत्तीच्या पैशातून वर एक मजला चढवला, आणि ट्युशनच्या पोरांची गर्दी वाढली तशा उरलेल्या गच्चीवर चार खोल्या काढल्या. त्यातली ही कोपऱ्यातली. लांबी दहा फूट, रुंदी दहा फूट, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, एका बाजूला कडप्प्याचा छोटा ओटा. चार खोल्यांत मिळून एक न्हाणी, एक संडास. मालक तिला 'कोपऱ्याची' म्हणतात. आमच्या कंधारात मात्र तिला सगळे 'लातूरची खोली' म्हणतात, जणू लातुरात खोली एकच आहे आणि गावातल्या सगळ्या लेकरांनी आळीपाळीनं तिच्यातच राहायचं आहे.

ते फारसं खोटंही नाही. शेजारपाजारच्या, नात्यातल्या लेकरांसाठी मी लातूर-नांदेडला तिच्यासारख्या बऱ्याच पाहिल्या. पत्ते वेगळे, मालक वेगळे, पण स्वभाव एकच. म्हणून ही एकीची ओळख करून देतो. बाकीच्या तिच्यात येतील.

आमच्या गावात तिचं नाव दहावीच्या निकालानंतर निघतं. टक्के कळले की पेढ्यांच्या मागोमाग प्रश्न येतो, "मग, नांदेड का लातूर?" नांदेड पन्नास किलोमीटर, लातूर साधारण दुप्पट. नांदेडच्या श्यामनगर, भाग्यनगर, बाबानगरात तिच्या बहिणी राहतात. तिथं एक सोय अशी की आईनं पहाटे उठून केलेला डबा सकाळच्या एसटीत ठेवता येतो. पोरगं स्टँडवर येऊन घेऊन जातं. लातूरला हे जमत नाही. लातूर म्हणजे खोली, मेस आणि लांबून येणारा फोन, नाहीतर खोली, शेगडी आणि सोबत राहायला आलेली आई.

आमचं गाव शिक्षणात मागे राहिलेलं आहे असं कुणी समजू नये. भाई केशवराव धोंडगे यांनी श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी उभी करून मन्याडच्या खोऱ्यात शाळा नेल्या. खेड्यातली लेकरं तेव्हा शिकायला कंधारला येत, ओळखीच्याकडे किंवा बोर्डिंगात राहत, घरून भाकरी आणत. आज तेच कंधार आपली लेकरं पुढे पाठवतं. राहण्याची ओढाताण तीच आहे, फक्त गाव बदललं आणि रक्कम वाढली.

लातूरला ही गर्दी का झाली ते सगळ्यांना ठाऊक आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात जादा तास, सराव परीक्षा, सुटीतले वर्ग ही पद्धत रुजली. गुणवत्ता यादीत तिथली नावं झळकू लागली आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द घरोघर गेला. पुढं उद्योग भवनाच्या आसपास खाजगी शिकवण्यांची रांग लागली. त्या भागाला आता ट्युशन एरिया असंच म्हणतात. वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर एकच नीट परीक्षा आली, तेव्हा गर्दी आणखी वाढली. शिकवणारे आले, पुस्तकवाले आले, मेसवाले आले, अभ्यासिका आल्या. या सगळ्यांच्या मागं, गच्च्यांवर, अंगणात, गाडी लावायच्या जागेत, जिन्याखाली ही खोली वाढत गेली. पॅटर्नवर लिहिताना निकालाचे आकडे येतात, शिक्षकांची नावं येतात. हिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. पोरगं ट्युशनबाहेरचा सगळा वेळ हिच्याच भिंतींत काढतं, तरी.

निकालानंतर आणि जूनमध्ये ती ऐटीत असते. गेटवर 'रूम भाड्याने देणे आहे' अशी पाटी लागते आणि पाटीखाली बारीक अक्षरात तिच्या अटी. फक्त मुली. फक्त फॅमिली. शाकाहारी. रात्री दहानंतर गेट बंद. पाहुणे चालणार नाहीत. दुपारच्या उन्हात बाप पुढं, आई मागं, पोरगी त्यांच्यामध्ये, हातात पाण्याची बाटली, असे जथे गल्ल्यागल्ल्यांतून फिरत असतात. "काका, खोली आहे का?" "होती, आत्ताच दिली." संध्याकाळपर्यंत माणसाची नजर इतकी थकते की चार भिंती आणि एक दार दिसलं तरी तो हो म्हणतो. हाच वेळ तिचा असतो. ती त्या वेळी स्वतःबद्दल काही लपवत नाही, पण कुणी नीट बघतही नाही.

सध्या तिचं भाडं साडेचार हजार आहे. दोन महिन्यांची अनामत, लाइटचं वेगळं. सबमीटर आहे, पण युनिटचा दर महावितरणचा नव्हे, मालक सांगतील तो. पुण्या-मुंबईच्या वाचकाला साडेचार हजार म्हणजे काहीच वाटणार नाही. कंधार तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या हिशेबानं पाहा. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. बाजारात शेतकऱ्याच्या हाती बहुतेक वेळा त्याहून कमी पडतं. म्हणजे महिन्याला क्विंटलभर सोयाबीन नुसतं हिच्यात जातं. वर्षाला बारा क्विंटल. चांगल्या सालात दीड-दोन एकरांचं पीक झालं ते. आणि २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आमच्याकडं चांगलं साल कुठलं? कंधार, मुखेड, लोहा सगळीकडं अतिवृष्टी झाली, उभं सोयाबीन पाण्यात गेलं, जमिनी खरवडून निघाल्या. पंचनामे झाले, मदतीच्या याद्या लागल्या. खोलीची पहिली तारीख मात्र पहिल्या तारखेलाच आली. त्या महिन्यांत कुणी गळ्यातलं गहाण ठेवलं, कुणी सोसायटीच्या कर्जातले काढून दिले. कॉलेजची फी हप्त्यानं भरता येते, शिकवणीवालेही थोडे थांबतात. खोली थांबत नाही.

सरकारनं हा खर्च ओळखलेला नाही असं नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी त्यात वर्षाला ४३ हजार मिळतात: भोजनाला २५ हजार, निवासाला १२ हजार, निर्वाहाला ६ हजार. निवासाचे १२ हजार म्हणजे महिन्याला एक हजार. एक हजारात लातूरला खोली मिळत नाही. तिघाचौघांच्या खोलीत एक खाट मिळाली तर नशीब. तरीही ही रक्कम अनेक घरांना मोठा आधार आहे, आणि ती खात्यावर यायला भाड्यानं राहत असल्याचा कागद लागतो. नेमका तोच कागद द्यायला खोलीवाले तयार नसतात. कागदाकडे पुढं येतोच.

भाड्याच्या आधी ती एक प्रश्न विचारते. म्हणजे विचारतात मालकीणबाई, जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून. "गाव कोणतं?" "कंधार." "अस्सं, कंधार. लांबून आलात की. आडनाव काय म्हणलात?" या प्रश्नावर काही जथे वर जाऊन खोली बघतात आणि काही जथ्यांना आठवण करून दिली जाते की खोली कालच दिली आहे. कधी कुणी स्पष्ट बोलत नाही. "आमच्यात देवाचं फार असतं ताई, तुम्हाला अवघड जाईल." "सासूबाई ऐकत नाहीत." मुस्लिम घरातल्या लेकराला तर आडनावाच्याही आधी, नावालाच उत्तर मिळतं. आमच्या गावात मात्र हाजी सय्याह सरवरे मखदूम यांचा दर्गा आहे आणि उरुसाला सगळ्या जातिधर्मांची माणसं जातात. कंधारात एका वर्गात, एका बाकावर दहा वर्षं बसलेल्या दोन मैत्रिणी लातूरला येतात. दोघींचे टक्के सारखे, दोघींच्या बापांचे पैसे सारखे. एकीला ट्युशनपासून पाच मिनिटांवर खोली मिळते, दुसरीला गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. रात्री साडेआठला शेवटचा तास सुटल्यावर दुसरी रोज तेवढं अंधारातून चालते. सुरक्षित खोली कुणाला मिळते हे भाड्याच्या आकड्यावर ठरतं असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं जिन्याच्या पायथ्याशी ठरतं, आणि हे लातूर-नांदेडच्या सुशिक्षित गल्ल्यांना शोभणारं नाही.

खोलीला स्वतःला यातलं काही कळत नाही. तिच्या भिंतींनी सगळ्यांची सूत्रं सारखीच सांभाळली आहेत. खाटेच्या वरच्या अंगाला आवर्त सारणीचा तक्ता डकवलेला आहे, तो तीन मुलींपूर्वीचा. त्याच्या कडेला पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलंय, 'टार्गेट ६५०'. खाली दुसऱ्या अक्षरात '६२०' आणि त्याखाली तिसऱ्या अक्षरात नुसतं 'एमबीबीएस'. दारामागं दिवस मोजलेल्या रेघा आहेत, पाचापाचाचे जुडगे, एका ठिकाणी अचानक थांबलेले. ओट्याच्या वर तेलाचा डाग, खिडकीच्या चौकटीला मेणबत्तीचा. खिळे जागोजाग, एकावर दप्तर, एकावर बुरख्यासारखा लांब काळा रेनकोट, एकावर देवीचा फोटो होता त्याची चौकोनी फिकट खूण. दर वर्षी मालक चुन्याचा हात मारू म्हणतात आणि दर वर्षी घाईत नवं बिऱ्हाड येतं. त्यामुळं आधीच्या लेकरांचं धाडस आणि आधीच्या लेकरांची भीती, दोन्ही नव्या लेकराला तयार मिळतात.

आता तिची कडी.

दार लोखंडी पत्र्याचं आहे. बाहेरून भक्कम कोयंडा, त्याला मालकांचं कुलूप बसतं. आतून एक कडी आहे, पण चौकटीतलं भोक कधीतरी पत्रा वाकल्यामुळं खाली-वर झालं आहे. कडी सरकते, आत जात नाही. मागच्या मुलीनं तिथं दोरीचा फास करून खिळ्याला अडकवायची युक्ती काढली होती. दोरी अजून लोंबते आहे. सोळा वर्षांची मुलगी रात्री अकरापर्यंत वाचून दिवा मालवते आणि दोरीच्या भरवशावर झोपते. न्हाणीचं दार तर प्लॅस्टिकचं, त्याची कडी आतून लागते पण दाराला खालून वीतभर फट. गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला, टाकीतलं पाणी बघायला, डिशची तार सरळ करायला मालकांकडचं कुणीही कधीही वर येतं. दार वाजवायची पद्धत नाही, कारण 'घर आपलंच आहे'.

कंधारच्या किल्ल्याला अजून पाण्यानं भरलेला खंदक आहे. राष्ट्रकूटांच्या काळापासून नांदतं असलेलं हे गाव. आत शिरायचा रस्ता वळणावळणाचा आणि दरवाजावर दरवाजे, कारण आतल्या माणसानं निर्धास्त झोपावं ही बांधणाऱ्यांची काळजी होती. त्या गावच्या मुलीला परगावी आतून लागणारी एक कडी मिळू नये, याचा मला राग येतो. हार्डवेअरच्या दुकानात चांगली जाड कडी दोन-तीनशे रुपयांना मिळते आणि बसवायला वेल्डिंगवाल्याचा अर्धा तास लागतो. म्हणजे प्रश्न पैशाचा नाही. मुलीच्या दाराला आतून कडी असणं ही गरज आहे, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. मालक म्हणतात, "आम्ही आहोत ना खाली." बाप म्हणतो, "मालक घरचेच आहेत, चांगली माणसं आहेत." चांगली असतीलही, बहुतेक असतातच. पण कडी माणसं चांगली आहेत की वाईट हे बघून लावायची गोष्ट नव्हे.

कायदाही हेच सांगतो, फक्त तो कुणी वाचत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम २८ मालकाला जागा बघायचा हक्क देतं, पण वाजवी वेळी आणि आधी कळवून. कलम २९ म्हणतं की पाणी, वीज, जिन्यातला दिवा अशा गरजेच्या सोयी पुरेशा कारणाशिवाय बंद करता येत नाहीत; भाडं दोन दिवस उशिरा आलं म्हणून मोटारीचा खटका दाबायचा नाही असा त्याचा साधा अर्थ. कलम ३१ पैसे घेतले की पावती द्यायला सांगतं. आणि कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदवलेला हवा, तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नव्हे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कागद नसला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाला उलट सिद्ध करावं लागतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये आहे, वर एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. एका महिन्याच्या भाड्याच्या निम्म्यातही हे होऊ शकतं. तरी खोलीवाले कागद टाळतात. कुणाला उत्पन्न दाखवायचं नसतं, कुणाला महापालिकेचा कर वाढायची धास्ती, आणि पुष्कळांना मनापासून असं वाटतं की कागद केला की खोली भाडेकरूची होते. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारानं तसं काही होत नाही. उलट अनामत किती दिली, किती कापायची, रंगाचे पैसे कुणाचे, या शेवटच्या दिवशीच्या सगळ्या भांडणांतून मालकही सुटतो.

पाण्याचं थोडक्यात सांगतो, कारण लातूरच्या खोलीला ते सांगावंच लागतं. ती लहान होती तेव्हा, २०१६ साली, मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या फेरीला दहा डबे, पाच लाख लिटर. तेव्हापासून या शहरातली कुठलीही खोली पाण्याच्या बाबतीत जपून बोलते. "बोअर आहे, चोवीस तास पाणी" हे वाक्य जूनमधलं; एप्रिलमध्ये तीच खोली दोन बादल्यांवर येते आणि प्यायला जार विकत घ्यावा लागतो. जुलैमध्ये पाहून पाण्याची परीक्षा होत नाही. शेजारच्या खोलीतल्या मुलीला विचारावं, मागच्या उन्हाळ्यात काय झालं.

ज्या वर्षी तिच्यात एखादी आई राहायला येते, त्या वर्षी खोली बदलते. मुलीला एकटं कसं ठेवायचं, मेसचं जेवण कसं सोसणार, म्हणून आमच्याकडच्या कितीतरी आया दोन वर्षांसाठी लातूर-नांदेडला बिऱ्हाड करतात. नवरा गावी, शेत-दुकान-शाळा सांभाळतो. सासू एकटी स्वयंपाक करते. धाकटा मामाकडे जातो. म्हणजे एक खोली घ्यायला एक घर तीन जागी वाटलं जातं. आई येताना पोळपाट, दोन पातेली, ज्वारीचं पोतं, लोणच्याची बरणी घेऊन येते आणि खोलीला पहिल्यांदा वास येतो, फोडणीचा. पोरगी पाच वाजता उठते म्हणून ती चारला उठते. साडेसहाला पोरगी ट्युशनला गेली की दहा बाय दहाच्या जागेत तिला दिवसभर करायला काही नसतं. गावी तिला क्षणाची फुरसत नव्हती. इथं दुपारी पत्रे तापतात तेव्हा ती जिन्यात सावलीला येऊन बसते आणि शेजारच्या खोलीतली अहमदपूरची, पलीकडची देगलूरची अशाच आलेल्या बायकांशी बोलते. रात्री पोरगी टेबलाशी वाचत असते तेव्हा दिवा डोळ्यावर येतो म्हणून ती भिंतीकडं तोंड करून पडून राहते. झोपलेली नसते. पोरीनं पान उलटलं की तिला कळतं.

या बायकांचं कुठं मोजमाप होत नाही. निकालाच्या जाहिरातीत पोरीचा फोटो येतो, शिकवणीचं नाव येतं. जिन्यात बसलेल्या बाईला त्या निकालात आपला वाटा आहे असं वाटतही नाही. मला विचाराल तर तो सगळ्यात मोठा आहे.

आणि जिथं आई नसते तिथं खोली फार गप्प होते. राजस्थानातल्या कोटा शहरात २०२३ साली जिल्हा प्रशासनाला वसतिगृहांतल्या पंख्यांना स्प्रिंग बसवायचा आदेश काढावा लागला होता, लेकरांनी जीव देऊ नये म्हणून. ते वाचून इथल्या आयांच्या पोटात गोळा आला होता. पंख्याचं ठीक आहे, पण त्याच्याही आधी लागतं ते दार वाजवणारं माणूस. आमच्या ओळखीच्या एका मुलीच्या मालकीणबाई रोज रात्री साडेनऊला वर येऊन बाहेरूनच हाक मारायच्या, "बाळा, जेवलीस का?" उत्तर आल्यावर खाली जायच्या. आत कधी डोकावल्या नाहीत. त्या बाईंनी करारही केला होता, पावतीही देत होत्या आणि आडनावही विचारलं नव्हतं. अशी माणसं आहेत. म्हणूनच बाकीच्यांकडून ही अपेक्षा ठेवता येते.

तिचं छप्पर राहिलं. आपल्या भागातला माणूस घरात शिरताना वर बघतो, ही सवय ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनं लावली. किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदं झोपेतल्या माणसांवर आली आणि हजारो जीव गेले. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोलीकडून नांदेडपर्यंत जमीन हलली, तेव्हा भाग्यनगर-श्यामनगरातली लेकरं वह्या टाकून रस्त्यावर आली होती. पत्रा हलका असतो, तो अंगावर पडून माणूस सहसा दगावत नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पण एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमकं परीक्षेच्या तोंडावर, त्याच्याखाली बसवत नाही. आणि गच्चीवरच्या या चार खोल्यांना खाली यायला एकच अरुंद लोखंडी जिना आहे. ओट्यावर काळ्या बाजारातून भरून आणलेला छोटा सिलिंडर, एकाच बोर्डावर इंडक्शन, कूलर आणि मोबाईल, वायर जिन्याच्या कठड्याला गुंडाळून वर आणलेली, जिन्याच्या तोंडाशी मालकांची भंगार सायकल आणि कूलरचे खोके. २४ मे २०१९ ला सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये वरच्या मजल्यावरच्या शिकवणीत अडकून २२ जणांचा जीव गेला, बहुतेक कोवळी मुलं. तिथं वर जायचा जिना लाकडी होता, तो जळाला आणि खाली यायची वाटच उरली नाही. त्यानंतर शिकवण्यांच्या इमारतींची तपासणी झाली. गच्चीवरच्या खोल्यांकडं मात्र कुणाचं लक्ष जात नाही, कारण सरकारी कागदांत ती वसतिगृह नाही, लॉज नाही, पुष्कळदा बांधकाम परवानगीतही ती नाही. तिच्यात राहणारी लेकरं मात्र खरी आहेत. लातूर आणि नांदेडच्या महापालिकांनी दर वर्षी निकालाच्या आधी प्रभागाप्रभागातून या खोल्यांची साधी नोंद केली, वीज, जिना, कडी आणि संडास एवढं तपासलं आणि धड असलेल्यांची यादी लावली, तर त्याला नवा कायदा लागणार नाही. यादी लागली की धड खोलीचा मालकही मानानं भाडं मागेल आणि उरलेले आपोआप दुरुस्तीला लागतील. शहराचं नाव ज्या लेकरांमुळं झालं, त्यांच्यासाठी एवढं करणं हे उपकार नव्हेत.

यंदा तिच्यात कोण येणार ते अजून ठरलेलं नाही. नीट मेच्या पहिल्या आठवड्यात झाली, कोपऱ्याची रिकामी झाली, मालकांनी गेटवर पाटी लावली आहे. कंधारातून, लोह्यातून, मुखेडातून जे कुणी बघायला जाणार असतील त्यांना एवढंच सांगायचं आहे. दुपारी दोनला जा, म्हणजे पत्रा कळेल. नळ सोडून बघा, रात्री जिन्यात दिवा लागतो का ते विचारा, अनामतीची पावती घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. भाड्यात शंभर-दोनशे कमी करून घेण्यापेक्षा करार मागा. कडी तुटकी असेल तर त्याच दिवशी स्वतःच्या पैशानं वेल्डिंगवाला बोलवा, वाद नंतर घाला. आणि ती आतून नीट लागते का, हे बापानं नव्हे, तिच्यात राहणाऱ्या मुलीनं स्वतः दार लावून बघावं.